तीनवर ठेवलेलं मशीन

जना,

अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर हातात पेन आलं ते सही करायला, नाहीतर डब्यांवर तांदूळ, नाचणी लिहायला. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळ तिरकी जाईल, समजून घे. रेश्मा सांगत होती, आई, मोबाईलमध्ये नुसतं बोल, तो आपोआप लिहितो. पण त्याच्यासाठी मोठ्यानं बोलावं लागतं. मला मोठ्यानं बोलता आलं असतं तर आज तुला कागदावर लिहायची वेळ कशाला आली असती?

हे कोणाला दाखवायचं नाही. लिहून झालं की तुझ्या कपाटात, शर्टांच्या खाली ठेवीन. तुझे शर्ट अजून कोणाला दिले नाहीत.

मी लग्न होऊन कोलशेतला आले तेव्हा तू तिसरीत होतास. सासूबाई नव्हत्या. मामंजी मिठागरावर, तुझे दादा कंपनीत पाळीवर, आणि तू दिवसभर खाडीकडं. तुझी चड्डी कायम मिठानं पांढरी. पहिल्या आठवड्यातच तू माझ्या समोर येऊन उभा राहिलास आणि विचारलंस, "वयनी, तू मुकी हायस कं?"

मी मान हलवली, नाही.

"मंग बोल ना कायतरी."

मी म्हटलं, "जेवलास?"

तू एवढा हसलास. आणि जना, पुढं सगळा जन्म आपलं तेच चाललं. मनात काही असो, काळजी असो, राग असो, माझ्या तोंडातून निघायचं ते "जेवलास?" आणि तू त्यातून जे समजायचं ते समजून घ्यायचास. तुझे दादा गेले तेव्हा नातेवाईक ओटीवर बसून ठरवायला लागले, हिला पोरीसकट माहेरी पाठवू, कल्याणजवळच तर आहे. मी आत चुलीशी. तुझ्या ओठावर तेव्हा नुकती मिसरूड फुटलेली. तू म्हणालास, "वयनी जाईल तर मी पण तिच्यासंगती जाईन. मना भाकऱ्या कोण देल? तुमी?" विषय तिथंच मोडला. त्या रात्री तुला ताटात जास्तीचं कालवण वाढलं आणि विचारलं, पुरलं का. धन्यवाद म्हणायची माझी ती रीत.

मिठागर गेलं, त्या जागेवर टॉवर आले, वाट्याला आले ते पैसे तू टेम्पोत घातलेस. लग्न केलं नाहीस. रेश्माला तूच शिकवलंस, तूच तिच्यासाठी डोंबिवलीचा मुलगा बघितलास. आणि तिच्या हळदीला तू ठरवलंस की बाटल्या नकोत, बॅरल आणायचं.

"घोडबंदरला टॉवरवाले पार्टीला नळाची बियर लावतात. आपले पोरीच्या हळदीला का नको?"

कल्याणच्या मनोहरभाऊंकडं तू बोलणं केलंस. ते बॅरल भाड्यानं देतात. बॅरल, नळ, गॅसचा सिलेंडर, सगळ्याचं मिळून पंधरा हजार डिपॉझिट. सामान नीट परत केलं की पैसे पूर्ण परत. तुझ्याकडचा पैसा सगळा मांडवात आणि बेंजोवाल्यात गेलेला. मी भिशीचे काढून दिले. तू मोजलेही नाहीस. म्हणालास, "वयनी, हे तुझे हायत. हळद झाली की तुझ्या हातात."

ती हळद मला आता सारखी आठवते. मनोहरभाऊ सांगून गेलेले, बॅरल आदल्या दिवसापासून बर्फात ठेवा, दोन-तीन डिग्रीच्या खाली नेऊ नका. पण आपल्याकडं ऐकतो कोण? आपली माणसं जन्मभर मिठात. मासळीच्या पेटीत बर्फावर मीठ टाकायचं, कुल्फीच्या भांड्याला मीठ टाकायचं, तसं तुम्ही बॅरलच्या टबातही खडे मिठाची अख्खी गोण ओतलीत. वर तूच सांगत होतास, आता बघा, सकाळपर्यंत बर्फ हलत नाय.

बर्फ नाही हलला, बियरही नाही हलली. बेंजो सुरू, हळद लागलेली, बायका नाचतायत आणि पुरुष गिलास घेऊन रांगेत. तू ऐटीत नळ ओढलास. नळ नुसता शिंकला. पुन्हा ओढलास, एक पांढरा गोळा गिलासात पडला.

तुझा दोस्त बालू ओरडला, "जना, बियर हाय का आईस्क्रीम? चमचा दे ना भावा!"

आणि भावकीतले धर्माकाका खुर्चीतून म्हणाले, "मिठागराची अवलाद! हा दर्यात पण वरून मीठ टाकल."

तुझा चेहरा एवढासा झाला. मी दाराआडून बघत होते. नळीवर बर्फाचा पांढरा थर मला दिसत होता. कोणाला काही न सांगता मी हळदीच्या आंघोळीचा कोमट पाण्याचा तपेला उचलला आणि तांब्यानं हळूहळू नळीवर पाणी सोडलं. आधी फेस आला, मग फेसच फेस आला, आणि मग पिवळी धार लागली. तू पहिला गिलास वर धरून ओरडलास, "माझी वयनी इंजिनेर हाय!" मी पळून आत गेले. आत जाऊन हसले. नवरा गेल्यापासून तोंडावर पदर न घेता हसलेली मला तीच वेळ आठवते.

मग रेश्मा सासरी गेली, मांडव उतरला, आणि सामान परत जाईना. मी विचारलं तर तू म्हणालास, चार दिवस राहू दे. चार दिवसांनी मनोहरभाऊ टब आणि नळ घेऊन गेले आणि त्याच्या जागी फ्रिजचं मशीन ठेवून गेले. आत बॅरल, मागं सिलेंडर, वर नळ. डिपॉझिट तेच राहिलं. बॅरल संपलं की तू टेम्पोतून कल्याणहून दुसरं भरलेलं आणायचास. तू ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी लावलंस आणि मला म्हणालास, "घरात पितो म्हंजे रातच्याला टेम्पो घेऊन बाहेर नाय पडत. तुनाच बरं ना?"

खोटं नव्हतं ते. बाहेर जाणं थांबलं. मलाही बरं वाटलं. ते मशीन सांभाळायचं काम तू माझ्यावर टाकलंस तेव्हा तर जास्तच. तू दिवसभर टेम्पोवर, मग बघणार कोण?

तू मला नीट बसवून शिकवलंस. छोटं मीटर आणलंस, आकडे दिसणारं. ते फ्रिजच्या हवेत टांगायचं नाही, पाण्याच्या पेल्यात ठेवायचं, पेला बॅरलशेजारी. "हवा फसवती, वयनी. दार उघडलं की गरम, बंद केलं की गार. पाणी खरं बोलतं." तीनवर पाहिजे. पाचच्या वर गेलं की फेस. शून्याला गेलं की हळदीचा तमाशा. वरचा नळ बॅरलपेक्षा गरम राहतो म्हणून पहिला गिलास फसफसतो, त्याच्यावर तू जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आत बसवलास, गार हवा वर नळापर्यंत जावी म्हणून. मे महिन्यात वीज गेली की मी दार बंद ठेवून वरून ओलं गोणपाट टाकायचे. रेश्माकडं डोंबिवलीला गेले तरी जीव इकडं. ती वैतागायची, आई, तिकडं काय बाळ ठेवलंयस का पाळण्यात?

संध्याकाळी तू चपला काढता काढता विचारायचास, "किती?"

"तीन."

"शाब्बास."

दुसरं बोलणं नाही. पण मला शाळेत कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं, जना. मी त्या शब्दासाठी मशीन पुसायचे, नळी धुवायचे. तू गिलास तिरका धरून भरायचास, वर दोन बोटं फेस, आणि ओटीवर बसून खाडीकडून येणारा वारा खायचास. तुला सुखात बघून मी भाकरी थापायचे. एकाचे दोन गिलास कधी झाले, दोनाचे किती झाले, ते मी बघत होते. बघत होते आणि तीनवर ठेवत होते.

मग तुझे डोळे पिवळे झाले.

घोडबंदरच्या डॉक्टरांनी माझ्या समोर सांगितलं, लिव्हर गेलंय निम्मं, आता थेंबसुद्धा नाही. तू शाळेतल्यासारखी मान डोलावलीस. परत येताना वाहनांच्या रांगेत टेम्पो अडकला. आपण दोघं पुढच्या सीटवर, कितीतरी वेळ. तेव्हा बोलायचं होतं मला. पिऊ नको, एवढंच. आणि मी म्हटलं, "घरी जाऊन पेज करू का?" तू म्हणालास, "कर."

संध्याकाळी तू नळाशी उभा राहिलास. माझ्याकडं न बघता म्हणालास, "आज निम्मीच, वयनी."

दिराला पिऊ नको म्हणायचं, घरातल्या कमावत्या माणसाला. कोणत्या तोंडानं म्हणू? तुझ्याच जिवावर मी या घरात होते. मग मला एक वाट सापडली. मी म्हटलं, "जना, ते माझं डिपॉझिट आण ना परत."

डिपॉझिट परत यायचं तर मशीन परत जायला पाहिजे. तुला कळलं. कळलं नसतं तर तू पंधरा हजार त्याच दिवशी माझ्या हातावर ठेवले असतेस. टेम्पोत तेवढे तू मिळवत होतास. पण तू हसून म्हणालास, "आनतो ना. पुढचे महिन्यात." पुढच्या महिन्यात मी पुन्हा मागितलं. तू म्हणालास, "सावकारीण झालीस गो तू!" मी मागत राहिले, तू टाळत राहिलास. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय ही बाई, दिराच्या मागं पैशासाठी लागलीय. वाटू दे. मला त्यातला एक रुपया नको होता.

पैशानं होईना तेव्हा मी मशीनच्या मागचं गोल बटण फिरवलं. तीनवरून आठवर. सगळी बियर फेस होऊन आली. तू गिलास भरलास, फेस बसायची वाट बघितलीस, तळाशी उरली ती प्यायलास. मला विचारलं नाहीस, किती. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर बटण तुझ्या जागी, पाणी तीनवर. मी पुन्हा आठ. तू पुन्हा तीन. असे आपण भांडलो, जना, किती दिवस ते देव जाणे. एकाच स्वयंपाकघरात, एक शब्द न बोलता, जेवायला एकमेकांना वाढत. तू ओरडला असतास तर मीही ओरडले असते. तू ओरडलाच नाहीस.

एकदाच खटका उडाला. रेश्मा आली होती. मी तिच्या देखत डिपॉझिटचा विषय काढला. तुझं पोट तेव्हा फुगायला लागलं होतं, बसलास की श्वास लागायचा. तू ताटावरून उठलास.

"काय ते पंधरा हजार, पंधरा हजार! खाऊन टाकले कं मी तुझे?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "नको देऊस. मी मेले की दे. माझ्या बाराव्याला लागतील."

तू दारात थांबलास. काहीतरी बोलणार होतास. मग रेश्माच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेलास. काय बोलणार होतास, जना? मी भांडी घासताना, झोपताना, त्या दारात तुला उभं करून बघते. तुझा चेहरा दिसतो, तोंड उघडतं, पुढं काही येत नाही.

त्यानंतर बटण आठवरच राहिलं. मला वाटलं, मी जिंकले. तुझ्यात वाकून मशीनच्या मागं हात घालायची ताकद उरली नव्हती, हे मला आठवडाभरानं कळलं.

हॉस्पिटलात तू दोन्ही हातांवर सुया लावून पडलेलास. मी शेजारी पेजेचा डबा घेऊन. तुला गिळवत नव्हतं. तू डोळे न उघडता विचारलंस, "किती?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "आठ."

तू हसल्यासारखं केलंस. ओठ सुकलेले होते. मग म्हणालास, "बंद कर आता, वयनी. दे पाठवून."

वर्षभर मी ज्या शब्दांची वाट बघितली ते हे. देव पाण्यात ठेवले होते त्या शब्दांसाठी. आणि ते ऐकून मी पेजेच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. कारण तू पिणं सोडत नव्हतास. तू घरी येणार नाहीस हे सांगत होतास.

घरी आले. मशीन कोपऱ्यात घरघरत होतं. बंद करायला प्लगपर्यंत हात नेला. नाही जमलं. बंद केलं असतं तर तू सांगितलेलं खरं झालं असतं. मी मागं हात घालून बटण फिरवलं, तीनवर आणलं. पाण्याच्या पेल्यातलं मीटर खाली उतरेपर्यंत तिथंच फरशीवर बसून राहिले. आठ, सात, सहा. तू आलास आणि विचारलंस तर खरं सांगता यावं.

तू आला नाहीस. तुला आणलं.

मशीन चालूच राहिलं. दुखवट्याला बायका यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, रडणं थांबलं की घरात तेवढाच आवाज. धर्माकाकांची सून म्हणाली, "बंद कर गो ते, बाय. कानाला लागतं." मी मान हलवली आणि नाही केलं. रोज सकाळी दिवा लावला की मीटर बघायचे. तीन. कोणाला सांगायचं?

बाराव्याला जेवणं झाली आणि पुरुष ओटीवरून उठेनात. धर्माकाका म्हणाले, "जनाचं बॅरल हाय ना अजून? त्याच्या नावानं येकयेक गिलास होऊ दे. त्याचं ठेवून काय करायचं?" सगळे हो म्हणाले. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते. नळ कोणाला जमेना. नुसता फेस यायला लागला तेव्हा मी पुढं झाले. गिलास तिरका धरला, तू धरायचास तसा. नळ अर्धवट नाही, एकदम पूर्ण उघडायचा. दोन बोटं फेस.

धर्माकाकांनी घोट घेतला आणि त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "बरोबर गार हाय. जना असता तर शाब्बास बोलला असता तुना."

जना, मला आनंद झाला. तुझ्या बाराव्याला, तुला ज्यानं खाल्लं ते हातानं भरून देताना, क्षणभर मला आनंद झाला. मग माझाच मला राग आला.

शेवटी बालूनं गिलास पुढं केला. त्याच्या खांद्यावर तुझी तिरडी गेली होती. मी गिलास घेताना वर बघितलं. त्याचे डोळे. तो पिवळा रंग मी ओळखते. आधी कडांना येतो.

मी म्हटलं, "बालू, पिऊ नको."

मोठ्यानं म्हटलं. ओटीपर्यंत ऐकू गेलं. सगळे थांबले. मीसुद्धा. माझाच आवाज मला दुसऱ्या बाईचा वाटला. बालू कसंनुसं हसला. "वयनी, आजचा दिवस. जनासाठी." आणि माझ्या हातातून गिलास घेऊन स्वतःच भरला. निम्मा फेस आला. तो तसाच प्याला.

पिऊ नको. दोनच शब्द होते, जना. तोंडातून निघायला काही लागलं नाही. दात पडले नाहीत, घर पडलं नाही. तुला मी पेज करू का म्हटलं, डिपॉझिट आण म्हटलं, मागचं बटण फिरवलं, पण हे दोन शब्द म्हटले नाहीत. म्हटले असते तर तू बालूसारखा हसून प्यायला असतास का? असशीलही. पण मग ते तुझं माझं भांडण झालं असतं, आणि भांडणात कधीतरी तूही काही बोलला असतास. आता तू त्या दारातच उभा राहणार.

त्या दिवशी बॅरल संपलं. आज सकाळी मनोहरभाऊ कल्याणहून आले. तू गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी फोन केला तेव्हा कळलं. हो, मीच केला. रेश्माला लावायला सांगितलं नाही. ते ओटीवर बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला. म्हणाले, "फार टापटीप माणूस, ताई. माझ्याकडच्या कुठल्या मशीनची नळी एवढी स्वच्छ नसते." मी सांगितलं नाही की नळी कोण धुवायचं.

प्लग त्यांनी काढायला घेतला. मी म्हटलं, थांबा, मी काढते. दार उघडून पेल्यातलं मीटर बघितलं. तीन. मग काढला. आवाज थांबला. गेले कित्येक दिवस घरात दुसरा कोणाचा आवाज नव्हता, तोही थांबला. पेल्यातलं पाणी मी दारातल्या तुळशीला नाही घातलं, मोरीत ओतलं. मीटर ठेवून घेतलं, ते तुझ्या पैशाचं होतं.

मनोहरभाऊंनी बॅरल फिरवून बघितलं, कुठं पोचा आहे का. नळ बघितला, सिलेंडरचा काटा बघितला, मशीन मागून पुढून बघितलं. मागच्या गोल बटणावर आकडे पुसून गेलेत, तिथं त्यांचं बोट थांबलं. "हे जास्त फिरवलेलं दिसतंय," म्हणाले. मला वाटलं, आता पैसे कापतील. त्यांनी काही कापलं नाही.

खिशातून पैसे काढून त्यांनी माझ्या समोर मोजले. म्हणाले, तुम्हीही मोजून घ्या, ताई. तू हळदीच्या वेळी मोजले नव्हतेस. मी मोजले. दोनदा.

पंधरा हजार. पूर्ण आले, जना.